ऑनलाइन वजनघट आणि फॅमिली डॉक्टरांची जबाबदारी

मोबाइलवरून चालणारे वजन कमी करण्याचे कार्यक्रम ढोबळमानाने चार प्रकारचे आहेत. पहिला प्रकार ॲपचा. रोज काय खाल्ले त्याची नोंद करायची, ॲप उष्मांक मोजून सांगते आणि पैसे भरले तर आहारतज्ज्ञ किंवा ‘कोच’ मिळतो. २०१२ साली बेंगळुरूत सुरू झालेले ‘हेल्दीफायमी’ आणि पुण्यात फेसबुकच्या गटातून वाढलेले ‘फिटर’ ही त्यातली परिचित नावे. दुसरा प्रकार एखाद्या डॉक्टरांच्या आहारविचाराभोवती जमलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा. तिसरा, महिन्याची फी घेऊन सकाळी मोबाइलवर व्यायाम करून घेणाऱ्या आणि डाएट चार्ट पाठवणाऱ्या खासगी वर्गांचा. चौथ्या प्रकारात शेकचे डबे, गोळ्या किंवा चहाची पाकिटे विकायची असतात आणि सल्ला हा त्या विक्रीचाच भाग असतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या कार्यक्रमांना स्वतंत्र दवाखाना काढावा लागत नाही, फोन पुरतो. वाईपासून जतपर्यंत कुठल्याही गावात त्यांचे सभासद असू शकतात. आटपाडी-खानापूर भागातली गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबे देशभर पांगलेली आहेत, पाटण-जावळीची माणसे मुंबईत माथाडी कामगार म्हणून राहिली आहेत. त्यांना तर गावच्या डॉक्टरांपेक्षा फोनवरचा कोच रोजच्या जवळचा. पण चक्कर आली, छातीत धडधडले किंवा पोटात कळ उठली की माणूस कोचकडे जात नाही. तो गल्लीतल्या, पेठेतल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे जातो. म्हणून या कार्यक्रमांविषयी फॅमिली डॉक्टरांनी काय भूमिका घ्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर कोणता आहार बरोबर या वादात सापडत नाही. आहार बदलण्याआधी रुग्णाला कोणी तपासले, बदलल्यावर त्याची औषधे कोणी पाहिली आणि कार्यक्रम संपल्यावर त्याची जबाबदारी कोणावर आहे, यावर ते अवलंबून आहे.

प्रश्नाचे आकारमान मोठे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता, १५.३ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते आणि ३९.५ टक्क्यांचा पोटाचा घेर प्रमाणाबाहेर होता. भारतीय शरीराची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांमध्येही याज्ञिकांच्या गटाला आढळली. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात, तर पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. पाश्चात्त्य मापांवर चालणारे ॲप २४ बीएमआयच्या, पोट सुटलेल्या माणसाला ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देईल. त्याच्या कमरेला टेप लावणारा डॉक्टर सोडणार नाही.

या दोन जिल्ह्यांत राहणीही एका पिढीत पालटली. ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्यात चढवले. ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस, द्राक्ष, डाळिंब उभे राहिले. ट्रॅक्टर आला, रानापर्यंत मोटारसायकल गेली. अंगमेहनत घटली, पण ताट मेहनतीच्या काळातलेच राहिले. शिवाय भाकरीच्या जोडीला चपाती, भात, बेकरीचा माल आणि दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा आला. तालमीत घुमलेल्या पैलवानाची कुस्ती सुटते पण खुराकाची सवय सुटत नाही, हे या भागातल्या डॉक्टरांना सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी वजन कमी करायला लोक स्वतःहून तयार होतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

मराठी समाजात ही तयारी सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसली ती ‘दीक्षित डाएट’च्या रूपाने. काँग्रेसचे नेते आणि बहुविद्य विद्वान डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेल्या विचारावरून वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आपली जीवनशैली-योजना घडवली. दिवसातून फक्त दोन वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मध्ये साखरेचा कणही नाही आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन वाढते आणि सततचे वाढलेले इन्सुलिन चरबी साठवते, हा त्यामागचा युक्तिवाद. व्याख्याने, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांतून ही योजना विनामूल्य पसरली. २०१८च्या सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने, घरचे आणि हंगामी खाण्याचा आग्रह तिच्यासमोर उभा राहिला आणि ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद लग्नाच्या पंगतीपर्यंत गेला.

या वादाने दोन चांगली कामे केली. साखरेचा चहा, बिस्किटे, फरसाण असे दोन जेवणांमधले खाणे प्रथमच लोकांच्या नजरेत आले. शिवाय दीक्षितांच्या योजनेत सुरुवातीला उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासण्याची, तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्याची अट होती. रुग्ण आपणहून तपासणीला जातो, ही फॅमिली डॉक्टरांना हवीच असलेली सवय होती. पण योजना एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना तपासणीची अट गळते आणि ‘दोनदाच जेवा’ एवढेच उरते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि टाइप १ मधुमेहाचे रुग्ण यांनी असले प्रयोग करू नयेत, ही सूचनाही अशीच मागे पडते. मूळ योजनेची खबरदारी आणि फॉरवर्ड होत आलेली योजना यांतले हे अंतर डॉक्टरांच्या पहिल्या आक्षेपाचे मूळ आहे.

तो आक्षेप औषधांचा आहे. समजा, पन्नाशीतला एक शेतकरी मधुमेहासाठी सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची गोळी घेतो आणि रक्तदाबाचीही एक गोळी चालू आहे. ग्रुपवर वाचून त्याने न्याहारी बंद केली, गोळ्या मात्र नेहमीच्या वेळी घेतल्या. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. अकराच्या सुमारास उसाला पाणी पाजताना त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. आसपास कोणी नसेल तर तो तिथेच बेशुद्ध पडू शकतो. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. म्हणजे तोच उपास एका रुग्णाला मानवतो आणि दुसऱ्याला धोक्यात घालतो, आणि फरक फक्त गोळीच्या नावात असतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्याने पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने निदान हुकू शकते. वजन उतरू लागले की रक्तदाबाची पूर्वीची मात्रा जास्त होते आणि उठताना चक्कर येते. ब्रिटनमध्ये २०१७ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘डायरेक्ट’ या प्रयोगात कमी उष्मांकांच्या आहाराने ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षअखेर औषधांविना काबूत होता. त्या प्रयोगात आहार सुरू करतानाच मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या गेल्या, त्याही प्राथमिक दवाखान्यांतल्या देखरेखीखाली. आहार आणि औषध एकत्र हाताळावे लागते, हा त्यातला पहिला धडा आहे.

दुसरा आक्षेप न तपासलेल्या रुग्णाचा. वजन वाढण्यामागे थायरॉईडची कमतरता, पीसीओडी, स्टेरॉइडचा दीर्घ वापर किंवा मानसिक आजारावरची काही औषधे असू शकतात. उलट, वजन भराभर उतरणे हेही नेहमी यश नसते. क्षयरोग, हाताबाहेर गेलेला मधुमेह, थायरॉईडचा अतिरेक आणि कर्करोग यांतही वजन उतरते. आठवड्याला दोन किलो घटल्याबद्दल ॲप अभिनंदनाचा संदेश धाडते, तेव्हा रात्रीचा ताप आणि तीन आठवड्यांचा खोकला त्याला माहीत नसतो. आठवड्याला दीड किलोहून जास्त घट सतत होत राहिली तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. मूत्रपिंड अधू झालेल्या मधुमेहींना प्रथिनांचे डबेही जपून द्यावे लागतात.

तिसरा आक्षेप विक्रीचा. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनघटीच्या उत्पादनांत सिब्युट्रामीन हे औषध लपवून मिसळल्याचे जगभर वारंवार आढळले आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारताने २०११ साली त्यावर बंदी घातली. पाकिटावर त्याचे नाव नसते, म्हणून धडधड घेऊन आलेल्या रुग्णाला ‘सध्या कुठला डबा, कुठली पावडर चालू आहे’ हे विचारणे निदानाचा भाग ठरते.

चौथा आक्षेप ताटाचा आहे आणि तो कमी महत्त्वाचा नाही. शहरी नमुन्याचा चार्ट ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, ग्रीक दही सांगतो. माण-खटावच्या घरात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, शेपू, ताक आणि शेंगदाण्याचा कूट असतो. ते मापात खाल्ले तर वजनघटीला पुरेसे चांगले जेवण होते. एकीसाठी वेगळा स्वयंपाक परवडत नाही. सुनेने सर्वांना वाढून मग उरलेले खायचे, अशी जिथे रीत आहे तिथे ‘संध्याकाळी सातच्या आत जेवा’ ही सूचना तिच्या हातात नसतेच. फॅमिली डॉक्टरांना ते घर माहीत असते. सासूलाही तेच डॉक्टर तपासतात, त्यामुळे ‘हिला आधी जेवू द्या’ असे ते सांगू शकतात. कोणत्याही ॲपला हे अजून साधलेले नाही.

एवढे आक्षेप रास्त असले तरी, म्हणून ऑनलाइन कार्यक्रम फेटाळावेत हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. त्याचे पहिले कारण दवाखान्यातच आहे. गर्दीच्या ओपीडीत वजनाबाबतचा सल्ला बहुधा ‘वजन कमी करा, गोड बंद करा, चालायला जा’ एवढ्या तीन वाक्यांत आटोपतो. वजनकाटा टेबलाखाली असतो आणि कमरेची टेप बहुतेक वेळा सापडत नाही. पुढच्या वेळी वजन तेच निघाले तर रुग्णाला रागावणे होते आणि तो येणेच टाळतो. वजन घटायला रोजची आठवण, आठवड्याची नोंद आणि महिनोन्महिने पाठपुरावा लागतो. एकटा डॉक्टर हे करू शकत नाही आणि फोन हे काम सहज करतो.

दुसरे कारण संशोधनाचे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये प्राथमिक दवाखान्यांच्या ४१५ लठ्ठ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी फोन, संकेतस्थळ आणि ईमेलवरून मदत मिळालेल्या गटाचे वजन सरासरी ४.६ किलो घटले होते, प्रत्यक्ष भेटींचीही मदत मिळालेल्या गटाचे ५.१ किलो आणि स्वतःच प्रयत्न करणाऱ्यांचे ०.८ किलो. दुरून मदत देणारा कार्यक्रम प्रत्यक्ष भेटींच्या जवळपास पोहोचतो, हे त्यातून दिसले. रुग्णांचे नेहमीचे डॉक्टर त्या मदतीच्या पाठीशी उभे होते. बोस्टन परिसरातल्या १५ दवाखान्यांतल्या ८४० रुग्णांचा अभ्यास २०२० साली छापून आला आणि त्याने हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. वर्षभरात नेहमीच्या उपचारांनी १.२ किलो, नुसत्या ऑनलाइन कार्यक्रमाने १.९ किलो, तर ऑनलाइन कार्यक्रमाला दवाखान्याच्या बाजूने पाठपुराव्याची जोड दिल्यावर ३.१ किलो वजन घटले. भारतातही चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे मोबाइलवर छोटे संदेश पाठवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. साध्या एसएमएसने एवढे साधते, तर फोनला कमी लेखण्याचे कारण नाही.

हे आकडे थोडे वाटतील. दोन महिन्यांत पंधरा किलोच्या जाहिरातींपुढे वर्षाला तीन किलो म्हणजे काहीच नाही, असे रुग्ण म्हणेल. पण मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट टिकली तरी साखर, रक्तदाब, यकृतातली चरबी आणि गुडघेदुखी यांत मोजता येईल असा फरक पडतो. ऐंशी किलोच्या माणसासाठी ही घट चार ते आठ किलोंची आहे. हे समजावून सांगण्याचा अधिकार रुग्ण ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्या डॉक्टरांना आहे, आणि ते त्यांनी जाहिरात पोहोचण्याआधी सांगायला हवे.

या दोन्ही बाजू मिळून फॅमिली डॉक्टरांचे काम ठरते. रुग्णाने ‘ग्रुप जॉईन करतोय’ असे सांगितले की आधी वजन, पोटाचा घेर आणि रक्तदाब मोजावा, चालू गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून घ्यावीत आणि साखर, एचबीए१सी, थायरॉईड, क्रिएटिनिन या मोजक्या तपासण्या कराव्यात. उपासाचा आहार असेल तर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिनची मात्रा त्याच दिवशी ठरवावी. पहिल्या पंधरा दिवसांत पुन्हा बोलवावे, कारण साखर आणि रक्तदाब याच काळात खाली येऊ लागतात. तीन महिन्यांनी तपासण्या पुन्हा कराव्यात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीच्या वयातली मुले, टाइप १ मधुमेही, खाण्याच्या मानसिक विकारांचा इतिहास असलेले रुग्ण आणि अशक्त वृद्ध यांना असल्या सर्वसाधारण कार्यक्रमांपासून दूर ठेवावे. गुंतागुंतीच्या रुग्णाला मिरज किंवा कराडच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय उभारल्यापासून मिरजेची ओळख वैद्यकीय गाव अशीच आहे, आणि कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञ दूर नाहीत. कोणाला कधी पाठवायचे हे ओळखणारा माणूस जवळ हवा.

खरी कसोटी कार्यक्रम संपल्यावर लागते. वजन उतरल्यावर शरीर ते परत मिळवण्याचा प्रयत्न करते. भूक वाढवणारी संप्रेरके वर्षभरानंतरही चढलेली राहतात, हे २०११ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसले आहे. तीन महिन्यांची फी संपली की कोच जातो, ग्रुप थंड पडतो आणि दिवाळी, उरूस, लग्नसराई यांत वजन परत चढते. रुग्ण स्वतःला दोष देतो आणि नवा, जास्त कडक कार्यक्रम शोधतो. दर दोन-तीन महिन्यांनी गोळ्यांसाठी येणाऱ्या रुग्णाचे वजन दर वेळी कार्डावर लिहिणे ही साधी गोष्ट आहे, पण वर्षानुवर्षे चालणारी तेवढी एकच नोंद डॉक्टरांकडे राहते.

२०२५पासून या प्रश्नात नवी भर पडली आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची तिरझेपटाइडची ‘मौंजारो’ इंजेक्शने मार्चमध्ये आणि सेमाग्लुटाइडची ‘वेगोव्ही’ जूनमध्ये भारतात आली. ती गुणकारी आहेत, पण बंद केल्यावर काय होते हे सेमाग्लुटाइडवरच्या ‘स्टेप १’ प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात दिसले: वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ऑनलाइन सल्लामसलतीत पाच मिनिटांच्या व्हिडिओवर अशी चिठ्ठी मिळू लागली, तर उलट्या, स्नायूंची झीज आणि औषधाचा न संपणारा खर्च यांचा हिशेब अखेर स्थानिक दवाखान्यातच मांडावा लागेल.

कायद्याची चौकट आहे, तिचा वापर कमी आहे. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुरून तपासण्याचा आणि औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्यास किंवा औषध सुचवण्यास त्यात मनाई आहे. ‘वेलनेस’ असे नाव लावून बरीच ॲप्स या कक्षेबाहेर राहतात. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा उल्लेख आहे, तरी तो खात्रीने घालवण्याच्या औषधांच्या जाहिराती रोज फोनवर येतात. जाहिरातींवर स्वयंनियंत्रण ठेवणाऱ्या परिषदेने २०२३ साली आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या समाजमाध्यमी प्रभावकांनी आपली शैक्षणिक पात्रता जाहीर करावी, असा नियम केला. २०२१च्या कायद्याने आहारतज्ज्ञांच्या नोंदणीचीही सोय केली. म्हणून कोणत्याही रुग्णाला डॉक्टरांनी शिकवावे असे तीन प्रश्न आहेत: सल्ला देणाऱ्याची पदवी कोणती, माझ्या गोळ्या त्याने विचारल्या का, आणि तो मला काही विकतो आहे का.

या भूमिकेवर एक गंभीर हरकत येते. तालुक्याच्या आणि खेड्यांच्या दवाखान्यांत आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी असलेले अनेक डॉक्टर आहेत, गर्दी मोठी आहे आणि आहाराच्या सल्ल्याची वेगळी फी कोणी देत नाही. मग हे काम त्यांच्यावर का टाकायचे? हरकत खरी आहे. तिचे उत्तर काम सोडून देण्यात नाही, ते वाटून घेण्यात आहे. वजन, घेर आणि रक्तदाब कंपाउंडर किंवा नर्स मोजू शकते. आशा कार्यकर्त्यांमार्फत आणि आरोग्यवर्धिनी केंद्रांत रक्तदाब-मधुमेहाची तपासणी होतेच, तिच्या नोंदवहीत पोटाच्या घेराचा पाठपुरावा ठेवता येतो. डॉक्टरांच्या स्थानिक संघटना मधुमेहाच्या कोणत्या गोळ्यांवर उपास चालत नाही याचा एक पानी मराठी तक्ता काढून प्रत्येक दवाखान्यात लावू शकतात. ऑनलाइन कार्यक्रम चालवणाऱ्यांवर एक अट घालता येते: मधुमेह, रक्तदाब, थायरॉईडचे औषध घेणाऱ्या सभासदाकडून त्याच्या डॉक्टरांची लेखी संमती घेतल्याशिवाय चार्ट द्यायचा नाही, आणि दर महिन्याची नोंद डॉक्टरांनाही पाठवायची.

रोजची आठवण, नोंद आणि सोबत देण्यात फोन सरस आहे. तपासणी, औषधांची मात्रा आणि घराची माहिती यांत फॅमिली डॉक्टर सरस आहे. रुग्णाला दोन्ही लागतात. त्याने कोणता ग्रुप निवडला यापेक्षा तो निवडण्याआधी आणि सोडल्यानंतर डॉक्टरांशी बोलला का, याला जास्त महत्त्व आहे. हे बोलणे सोपे व्हावे म्हणून रुग्णाची थट्टा न करता, त्याला न रागावता ऐकून घेण्याची पहिली पायरी डॉक्टरांची आहे, आणि गोळ्यांची पूर्ण माहिती विचारल्याशिवाय ताटाला हात न घालण्याची पायरी कार्यक्रम चालवणाऱ्यांची.